काळ्या अशनींची वर्गवारी : नावे बदलली, वर्णने टिकली

दिव्याहून वसईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर भिवंडी रोडनंतर खारबाव स्टेशन लागते. भिवंडी तालुक्यातल्या या भागात शेताच्या बांधावरचा कोणताही दगड उचलून पाहा. तो बहुधा काळा किंवा काळपट करडाच निघेल. जुन्या घरांच्या जोत्यांचा दगड काळा, विहिरीच्या कठड्याचा काळा आणि रस्त्यावर पसरलेली खडीही काळीच. हा आपला काळवत्री, म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा बाहेर पडला, त्याचे थरावर थर साचले आणि महाराष्ट्राचा बराच मोठा भाग त्यांनी झाकून टाकला.

आता कल्पना करू, की अशाच एका शेतात आकाशातून काळा दगड येऊन पडला. पडताना कोणी पाहिला नाही, तर तो ओळखू येईल का? राजस्थानातल्या वाळूवर पडलेला काळा दगड नजरेत भरतो. काळ्या दगडांच्या मुलखात काळा दगड लपून जातो. त्यातून तो ज्या जातीविषयी आपण इथे बोलणार आहोत त्या जातीचा असेल, तर अडचण आणखी वाढते. ही जात कठीण नाही, भुसभुशीत आहे. तिच्यातले काही दगड पाण्यात टाकले की फुटून त्यांचा चिखल होतो. कोकणातला जुलै-ऑगस्टचा पाऊस अशा दगडाला फार दिवस टिकू देणार नाही.

आकाशातून येताना जळताना दिसते ती उल्का, आणि न जळता जमिनीपर्यंत पोचतो तो दगड म्हणजे अशनी. अशनींच्या या भुसभुशीत, काळ्या जातीचे नाव आहे 'कार्बनी कॉन्ड्राइट'. सौरमाला घडली त्या वेळचा, त्यानंतर फारसा न वितळलेला माल या दगडांत सापडतो. म्हणून मूठभर वजनाच्या अशा दगडालाही फार मोल आहे.

वर्गात आपण वर्गीकरण शिकवतो तेव्हा मुलांच्या हाती तयार कप्पे देतो. हे कप्पे कोणी केले, का मोडले, पुन्हा कसे बांधले, हे सांगायचे राहून जाते. कार्बनी कॉन्ड्राइटची कथा त्यासाठी फार उपयोगी आहे. दोनशे वर्षांत तिच्यातले कप्पे अनेकदा बदलले. पण ज्यांनी दगड नीट पाहून जसा दिसला तसा लिहून ठेवला, त्यांचे लिखाण आजही कामाला येते.

काशीजवळचे दगड

आकाशातून दगड पडतात यावर अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत युरोपातल्या बहुतेक विद्वानांचा विश्वास नव्हता. शेतकऱ्यांनी सांगितलेल्या हकिगती ते भ्रम समजून सोडून देत. १७९४ मध्ये अर्न्स्ट क्लाडनी या जर्मन शास्त्रज्ञाने अशा हकिगती एकत्र करून त्या खऱ्या असल्याचे मांडले, तेव्हा त्याची थट्टाच अधिक झाली.

१९ डिसेंबर १७९८ रोजी रात्री काशीजवळच्या क्राखूत गावात मोठा आवाज होऊन दगडांचा वर्षाव झाला. त्यातले काही नमुने लंडनला पोचले. एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञाने हे काशीचे दगड आणि इटली, इंग्लंड व बोहेमिया इथे पडलेले दगड शेजारी शेजारी ठेवून तपासले. चारही देशांतल्या दगडांतल्या धातूच्या कणांत त्याला निकेल आढळले. १८०२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकमेकांपासून हजारो किलोमीटर अंतरावर पडलेले हे दगड आपापसात सारखे, पण पडल्या जागच्या खडकांपेक्षा निराळे होते. अशनी खरे मानण्याच्या बाजूने हा मोठा पुरावा ठरला.

त्याच कामात झाक लुई द बूर्नाँ या खनिजतज्ज्ञाने दगडांचे वर्णन लिहिले. काशीच्या दगडात त्याला बारीक, गोलसर कण दिसले. ते कसे झाले याचा अंदाज बांधायच्या फंदात तो पडला नाही. कणांचा आकार, रंग आणि ते कसे फुटतात एवढेच त्याने लिहिले. या गोल कणांना पुढे 'कॉन्ड्रूल' हे नाव मिळाले, आणि ज्या दगडांत ते असतात त्यांना 'कॉन्ड्राइट'. कॉन्ड्रूलचे पहिले नीट वर्णन भारतात पडलेल्या दगडावरून झाले आहे, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना जरूर सांगावी.

पाण्यात विरघळणारा दगड

कार्बनी अशनींची पहिली नोंद १५ मार्च १८०६ ची आहे. दक्षिण फ्रान्समध्ये आलेस गावाजवळ पडलेले दगड इतर अशनींसारखे नव्हते. ते मऊ होते, कोळशासारखे काळे होते आणि ओले झाले की मातीसारखा वास देत. लुई थेनार याने त्यांत कार्बन असल्याचे दाखवले.

१८३४ मध्ये स्वीडनच्या बर्झेलियसने याच दगडाचा तुकडा तपासायला घेतला. तो पाण्यात विरघळून चिखल होतो हे पाहून हा अशनी नसावाच, अशी त्याला आधी शंका आली. आकाशातून तापून येणाऱ्या दगडात पाणी कसे राहील? पण काम सोडून न देता त्याने पृथक्करण पुरे केले. मातीसारखी खनिजे, त्यांत अडकलेले पाणी आणि कार्बनयुक्त द्रव्य असे सारे त्याला सापडले. त्यानंतर त्याने स्वतःलाच विचारले, की हे कार्बनी द्रव्य दुसऱ्या एखाद्या गोलावरच्या सजीवांची खूण आहे का? एवढ्या पुराव्यावरून तसे म्हणता येत नाही, असे उत्तर त्याने दिले. त्या काळी सेंद्रिय द्रव्य सजीवांवाचून बनत नाही, अशी समजूत फार घट्ट होती. हे लक्षात घेतले तर त्याच्या उत्तरातला संयम कळतो.

ऑर्गेयची संध्याकाळ

१४ मे १८६४ रोजी संध्याकाळी दक्षिण फ्रान्समध्ये ऑर्गेय या खेड्याच्या परिसरात सुमारे वीस दगड पडले. हा काळ टपाल, तारायंत्र आणि विज्ञानसंस्थांचा होता. काही आठवड्यांतच साक्षीदारांची पत्रे पॅरिसला पोचली आणि क्लोएझ, पिसानी, दोब्रे अशा तज्ज्ञांनी तपासणी सुरू केली. दगड पीट कोळशासारखा दिसतो, चाकूने कापता येतो, टोक काढले तर कागदावर काळी रेघ उमटते आणि पाण्यात टाकला तर त्याचे बारीक चूर्ण होते, अशी निरीक्षणे त्यांनी नोंदवली. पाण्यात विरघळणारे क्षार त्याचे कण एकत्र धरून ठेवतात, हेही त्यांनी ओळखले. ही वर्णने लक्षात ठेवू या. पुढे त्यांची गरज लागणार आहे.

कप्पे वाढत गेले

दगड जमू लागले तसा ते कसे मांडायचे हा प्रश्न संग्रहालयांपुढे आला. बर्लिनच्या गुस्टाव्ह रोझे याने १८६३ मध्ये अशनींची पद्धतशीर वर्गवारी केली. 'कॉन्ड्राइट' हे नाव त्यानेच रूढ केले. ग्रीक भाषेत 'कॉन्ड्रोस' म्हणजे कण. काळ्या, कार्बनयुक्त अशनींना त्याने वेगळा वर्ग दिला. व्हिएन्नाच्या चेर्माक आणि ब्रेझिना यांनी ही पद्धत वाढवली. रंग, शिरा, कणांचा पोत असे जे जे डोळ्यांना दिसे, त्यावर नवा कप्पा होई. १९०४ मध्ये ब्रेझिनाच्या यादीत सत्तरहून अधिक वर्ग झाले होते.

वर्ग जितके जास्त तितके ज्ञान जास्त, असे मात्र नसते. एकाच दगडाचे दोन तुकडे दोन वर्गांत जाऊ लागले, की निकष चुकतो आहे असे समजावे. पांढऱ्या, करड्या आणि काळ्या कॉन्ड्राइटचे वेगळे वर्ग होते. पण पुष्कळदा रंगातला फरक दगडाला नंतर बसलेल्या धक्क्यामुळे येतो, त्याच्या मूळ घडणीमुळे नाही.

रसायनशास्त्राचा निकष

लंडनच्या जॉर्ज प्रायर याने १९२० पर्यंत या पसाऱ्याला आवर घातला. दिसण्यापेक्षा घटक पाहा, असे त्याचे म्हणणे होते. कॉन्ड्राइटमध्ये धातुरूप लोह जितके कमी, तितके त्या धातूत निकेलचे प्रमाण अधिक आणि दगडाच्या खनिजांतही लोह अधिक, हा नियम त्याने मांडला.

१९५३ मध्ये हॅरल्ड यूरी आणि हार्मन क्रेग या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी जुनी सर्व पृथक्करणे गोळा केली. त्यांतली निकृष्ट त्यांनी बाजूला काढली आणि उरलेल्यांत कॉन्ड्राइटचे अधिक लोहाचे आणि कमी लोहाचे असे दोन गट दाखवले. 'एच' आणि 'एल' ही अक्षरे त्यातूनच आली. आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. २२ मे २०१२ रोजी भर दुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात मोठा आवाज होऊन दगड पडले. वरून काळी साल आणि आत फिकट करडा रंग असलेला हा अशनी 'एल-६' वर्गाचा ठरला. यातल्या 'एल'चा अर्थ आता कळला. 'सहा' कुठून आले ते थोड्या वेळाने पाहू.

कार्बनी अशनींचे चांगले पृथक्करण करणे कठीण होते. त्यांतले पाणी, गंधक आणि सेंद्रिय द्रव्ये तापवताना उडून जातात. हे चिकाटीचे काम फिनलंडच्या वीक या रसायनतज्ज्ञाने केले. १९५६ मध्ये त्याने त्यांचे तीन प्रकार पाडले. पहिल्या प्रकारात कार्बन सुमारे साडेतीन टक्के आणि पाणी सुमारे २० टक्के. दुसऱ्यात कार्बन सुमारे अडीच टक्के आणि पाणी सुमारे १३ टक्के. तिसऱ्यात कार्बन अर्धा टक्का आणि पाणी जेमतेम एक टक्का. आलेस आणि ऑर्गेय पहिल्या प्रकारात बसले.

पहिल्या प्रकाराची एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. हायड्रोजन, हेलियम यांसारखी सहज उडून जाणारी मूलद्रव्ये सोडली, तर या दगडांतली मूलद्रव्यांची प्रमाणे सूर्यातल्या प्रमाणांशी फार जवळून जुळतात. सूर्याचा तुकडा प्रयोगशाळेत आणता येत नाही. त्याच्या ऐवजी हा ओल्या मातीसारखा दगड उपयोगी पडतो.

एक ते सहा

१९६७ मध्ये व्हॅन श्मस आणि वुड यांनी दोन निकष एका तक्त्यात बसवले. उभ्या बाजूला रासायनिक गट आणि आडव्या बाजूला १ ते ६ असे आकडे. सहा म्हणजे दगड इतका तापला, की त्यातले कॉन्ड्रूल भोवतालच्या खनिजांत मिसळून अस्पष्ट झाले. काटोलचा 'एल-६' म्हणजे कमी लोहाच्या गटातला, खूप तापून गेलेला, पण न वितळलेला दगड.

आता हा तक्ता पाहून विद्यार्थी काय समजेल? १ ते ६ अशी चढती भांजणी आहे, तेव्हा १ सर्वांत मूळ स्वरूपातला आणि ६ सर्वांत बदललेला. तक्ता तयार झाला तेव्हा शास्त्रज्ञांचीही साधारण अशीच समजूत होती. पुढे १९७० च्या दशकात हॅरी मॅकस्वीन आणि इतरांच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या अभ्यासातून चित्र पालटले. पहिल्या प्रकारातल्या दगडांत कॉन्ड्रूल जवळजवळ नाहीतच. ते पूर्वी असले, तर लघुग्रहाच्या पोटात बर्फ वितळून झालेल्या पाण्याने त्यांची माती करून टाकली असावी. म्हणजे सर्वांत कमी बदललेला दगड ३ या आकड्याजवळ बसतो. तिथून उजवीकडे ४, ५, ६ म्हणजे उष्णतेने होणारे बदल, आणि डावीकडे २, १ म्हणजे पाण्याने होणारे बदल. आकडे तेच राहिले, त्यांचा अर्थ मात्र दोन दिशांना फुटला.

आता नावांची गंमत पाहा. पहिल्या प्रकारात कॉन्ड्रूल नाहीत, तरी त्यांना कॉन्ड्राइटच म्हणतात, कारण रासायनिक प्रमाणांनी ते त्याच घराण्यातले आहेत. 'कार्बनी' म्हटल्या जाणाऱ्या काही गटांत कार्बन एक टक्क्याहूनही खूप कमी असतो. उलट यूरेलाइट नावाच्या अशनींत सुमारे तीन टक्के कार्बन, तोही काही ठिकाणी सूक्ष्म हिऱ्यांच्या रूपात असून त्यांना कार्बनी कॉन्ड्राइट म्हणत नाहीत. नाव हे फक्त पत्त्यासारखे वापरायचे, त्यातून व्याख्या काढायची नाही.

पुढे गटांना नावे मिळाली ती नमुनेदार अशनी जिथे पडला त्या गावाच्या आद्याक्षरावरून. टांझानियातल्या इवुनावरून 'सीआय', युक्रेनमधल्या मिगेईवरून 'सीएम', इटलीतल्या विगारानोवरून 'सीव्ही', फ्रान्समधल्या ऑर्नाँवरून 'सीओ'. यातला 'सी' कार्बनीसाठी.

१९६९ चे दोन दगड

१९६९ मध्ये चंद्रावरचे दगड पृथ्वीवर आले, त्याच वर्षी दोन मोठे कार्बनी अशनी पडले. ८ फेब्रुवारीला मेक्सिकोत अलेंदे, ज्याचे एकूण वजन दोन टनांहून अधिक भरले, आणि २८ सप्टेंबरला ऑस्ट्रेलियात मर्चिसन, ज्याचे सुमारे १०० किलो दगड गोळा झाले. चंद्रावरच्या मालासाठी सज्ज झालेल्या प्रयोगशाळा या दगडांवर तुटून पडल्या.

अलेंदेमध्ये पांढरट ठिपके होते. कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम यांनी समृद्ध असे हे कण सौरमालेतले सर्वांत जुने घन पदार्थ आहेत. त्यांचे वय सुमारे ४५६ कोटी ७० लाख वर्षे येते. १९७३ मध्ये शिकागोच्या रॉबर्ट क्लेटन आणि सहकाऱ्यांनी या कणांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे प्रमाण पृथ्वीवरच्यापेक्षा निराळे असल्याचे दाखवले. त्यानंतर ऑक्सिजन हा अशनींच्या वर्गीकरणाचा भक्कम आधार बनला.

मर्चिसनमध्ये अमिनो आम्ले सापडली. त्यांतली काही पृथ्वीवरच्या सजीवांच्या प्रथिनांत आढळत नाहीत. शिवाय त्यांचे डाव्या आणि उजव्या घडणीचे रेणू जवळजवळ सारख्या प्रमाणात होते, तर सजीव मुख्यतः डावे वापरतात. सेंद्रिय द्रव्ये सजीवांवाचूनही अवकाशात बनू शकतात, याचा हा पुरावा होता. बर्झेलियसने १८३४ मध्ये राखलेला संयम असा सार्थ ठरला.

२०११ मध्ये पॉल वॉरन यांनी क्रोमियम, टायटॅनियम आणि ऑक्सिजन यांच्या समस्थानिकांवरून अशनींचे दोन मोठे तट स्पष्टपणे मांडले, कार्बनी आणि बिगर-कार्बनी. सौरमालेच्या आरंभी हे दोन साठे वेगळे राहिले, आणि वाढता गुरू ग्रह त्यांच्यामध्ये आडवा आला असावा, असा एक विचार पुढे आला. गंमत अशी, की काही लोखंडी अशनीही या हिशेबाने 'कार्बनी' तटात जातात. काळ्या रंगावरून सुरू झालेला वर्ग रंगापासून किती दूर आला पाहा.

राजस्थानातले तीन दगड आणि गोव्यातली तपासणी

भारतात पडताना पाहिलेले कार्बनी कॉन्ड्राइट थोडेच आहेत. २२ जानेवारी १९११ रोजी टोंक परिसरात पडलेल्या अशनीचे जेमतेम ७.७ ग्रॅम हाती लागले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या क्रिस्टी यांनी एवढ्याशा मालाचे पृथक्करण करून १९१४ मध्ये त्याचे वर्णन छापले. हा दगड 'सीआय' गटाचा निघाला. पडताना पाहिलेले या गटाचे अशनी जगभरात पाचच आहेत : आलेस, ऑर्गेय, टोंक, इवुना आणि कॅनडातला रेव्हलस्टोक. १७ जानेवारी १९२१ रोजी झुंझुनू भागात हरिपुरा अशनी पडला, तो 'सीएम' गटाचा. राजस्थानातला आणखी एक म्हणजे मुकुंदपुरा.

हे तिन्ही दगड राजस्थानातले. कोरडी हवा आणि मोकळी जमीन यांमुळे असे दगड तिथे टिकले आणि सापडले असतील, हा अंदाज मनात येतो. पण तीन दगडांवरून नियम काढता येत नाही, हेही विद्यार्थ्यांना सांगावे.

६ जून २०१७ रोजी पहाटे जयपूरजवळच्या मुकुंदपुरा गावात सुमारे दोन किलोचा दगड शेतात पडून फुटला. जमिनीत उथळ खड्डा झाला. तुकडे लगेच गोळा झाले. पावसाळा तोंडावर होता, म्हणून ही तत्परता मोलाची ठरली. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या द्विजेश रे आणि अनिल शुक्ला यांनी २०१८ मध्ये तो 'सीएम-२' असल्याचे प्रसिद्ध केले.

यानंतर गोव्याचा संबंध येतो. दोनापावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत हिंदी महासागराच्या तळाच्या गाळातून अवकाशातून पडलेले सूक्ष्म गोलकण वेचून अभ्यासले जातात. समुद्रतळावर गाळ फार सावकाश साचतो, त्यामुळे तिथे असे कण शोधणे सोपे जाते. जगभर सापडणाऱ्या अशा सूक्ष्मकणांतला मोठा वाटा 'सीएम' जातीच्या दगडाशी नाते सांगतो. तेव्हा अशनींचा अभ्यास समुद्राच्या संस्थेत व्हावा, हे नवल नाही. तिथल्या एन. जी. रुद्रस्वामी आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मुकुंदपुराची खनिजे, समस्थानिके आणि अमिनो आम्ले तपासून निष्कर्ष काढला, की पाण्याने झालेला बदल फार मोठा आहे आणि हा दगड 'सीएम-२.०', म्हणजेच 'सीएम-१' धरावा. २०२० मध्ये फ्रान्समधल्या अभ्यासकांच्या लेखाच्या शीर्षकातच 'सीएम-१ की सीएम-२?' असा प्रश्न होता.

मग यात चूक कोणाची? कोणाचीच असायला हवी असे नाही. अशा दगडांत वेगवेगळ्या प्रमाणात बदललेले तुकडे एकत्र दाबले गेलेले असतात, त्यामुळे एका चिमटीचे उत्तर दुसरीपेक्षा वेगळे येऊ शकते. शिवाय पाण्याने होणारा बदल पायऱ्यापायऱ्यांनी होत नाही, तो उतारासारखा सलग असतो. त्या उतारावर १ आणि २ या रेषा आपण आखलेल्या आहेत.

जुने वर्णन साक्षीला

आता ऑर्गेयकडे परत जाऊ. विसाव्या शतकात त्याचे तुकडे पाहणाऱ्यांना त्यात पांढऱ्या सल्फेट क्षारांच्या शिरा दिसल्या. लघुग्रहाच्या पोटात वाहणाऱ्या पाण्याने त्या झाल्या असाव्यात, असे मानले गेले आणि त्यावर बरेच तर्क उभे राहिले. २००१ मध्ये मॅथ्यू गुनेल आणि मायकेल झोलेन्स्की यांनी १८६४ मधली वर्णने बारकाईने वाचली. दगड कसा कापला जातो, कसा विरघळतो हे लिहिणाऱ्या लोकांनी पांढऱ्या शिरांचा उल्लेखच केला नव्हता. मग या शिरा संग्रहालयातल्या दमट हवेत, दगडातले क्षार विरघळून पुन्हा साचल्यामुळे झाल्या असल्या पाहिजेत, असे त्यांनी मांडले.

२०२० च्या डिसेंबरात जपानच्या हायाबुसा-२ यानाने र्युगू लघुग्रहावरची सुमारे ५.४ ग्रॅम माती बंद डबीत पृथ्वीवर आणली. रासायनिक घडणीने ती 'सीआय' गटासारखी निघाली, पण तिच्यात असे सल्फेट आढळले नाहीत. खनिजांत अडकलेले पाणीही ऑर्गेयपेक्षा कमी होते. गुनेल आणि झोलेन्स्की यांच्या तर्काला यामुळे मोठा आधार मिळाला. १८६४ मधल्या निरीक्षकांना वर्ग, गट, आकडे यांतले काही माहीत नव्हते. त्यांनी फक्त दिसले ते लिहिले होते.

ऑर्गेयची दुसरीही एक गोष्ट आहे. १९६० च्या सुमारास त्यात जीवाश्म असल्याची घोषणा झाली. तपासाअंती त्यातले काही पृथ्वीवरचे परागकण, तर काही खनिजांचे कण ठरले. त्या वादाच्या ओघात मोंतोबाँच्या संग्रहालयातला एक नमुना उघडून पाहिला, तर आत त्याच भागात उगवणाऱ्या वनस्पतीचे बी, कोळशाचे कण आणि डिंकासारखे चिकट द्रव्य सापडले. एडवर्ड अँडर्स आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये हा लबाडीचा प्रकार जाहीर केला. अशनी पडण्याच्या काही आठवडे आधी लुई पाश्चर यांनी आपोआप जीव निर्माण होत नाहीत यावर गाजलेले व्याख्यान दिले होते. त्या वादातून कोणी तरी हा खोडसाळपणा केला असावा. करणारा कोण, ते कळलेले नाही.

वर्गात काय करता येईल?

मुलांना परिसरातले आठ-दहा दगड आणायला सांगा, पण नावे विचारू नका. आधी वर्णन लिहून घ्या. रंग बाहेरचा आणि फुटलेल्या बाजूचा, पोत, कणांचा आकार, कौलाच्या खरबरीत तुकड्यावर उमटणारी रेघ. तराजू आणि पाण्याने भरलेले मापपात्र वापरून घनता काढा. काळवत्रीची घनता साधारण पावणेतीन ते तीन येईल. साध्या कॉन्ड्राइटची सुमारे साडेतीन असते, म्हणून 'जड दगड तो अशनी' असे सांगितले जाते. 'सीएम' गटाचा दगड मात्र सव्वादोनच्या आसपास, म्हणजे काळवत्रीपेक्षा हलका. हा नियम आपल्या कथेतल्या दगडांना लागूच पडत नाही.

नंतर दोन गटांना तेच दगड आपापल्या निकषाने लावायला सांगा. एका गटाचे कप्पे दुसऱ्याशी जुळणार नाहीत. तेव्हा कोणाची वर्णने वाचून दुसऱ्या गटाला दगड ओळखता येतात, ते पाहा. पहिली वही टाकून न देता कपाटात ठेवा. पुढच्या वर्षीच्या मुलांनी त्याच दगडांची वर्णने पुन्हा लिहावीत आणि जुन्या वहीशी ताडून पाहावीत.

आणि खरोखरच दगड पडलेला कोणी पाहिला तर? वेळ, दिशा आणि आवाज लगेच लिहून ठेवावेत. पडल्या जागी मोजपट्टी ठेवून छायाचित्र काढावे. दगड धुऊ नये, पाण्यात बुडवून घनता तर मुळीच काढू नये. चुंबकही लावू नये, कारण त्याने दगडातल्या मूळ चुंबकत्वाच्या खुणा पुसल्या जातात. उघड्या हातांनी न धरता स्वच्छ, कोरड्या ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळावा आणि तहसील कार्यालयामार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावे. खारबावसारख्या गावात हे जून-जुलैमध्ये घडले, तर पुढची सर येण्याच्या आत दगड कोरड्या जागी न्यायला हवा.